आमचा क्लायंट आमच्याच सर्व्हरशी बोलतो, दुसऱ्या कोणाशी नाही (क्विक प्रोटोकॉल)

फायनल_इयर_पुणे
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी क्विकचं (यूडीपीवर चालणारा नवा, एन्क्रिप्टेड इंटरनेट प्रोटोकॉल) छोटं इम्प्लिमेंटेशन लिहिलंय, क्लायंट पण आमचा सर्व्हर पण आमचा. दोघं एकमेकांशी मस्त बोलतात, हँडशेक (कनेक्शन सुरू करतानाची बोलणी) होतो, १० एमबीची फाइल पण जाते. पण हाच क्लायंट कुठल्याही ओपन सोर्स सर्व्हरला लावला की काहीच उत्तर नाही, एरर नाही, व्हर्जन निगोसिएशन (कुठलं व्हर्जन वापरायचं ते सांगणारं उत्तर) नाही, काही म्हणजे काही नाही. तीन दिवस झाले. गाइड म्हणतात टेस्ट पास आहेत ना, मग रिपोर्ट लिहायला घ्या. मला ते पटत नाहीये. स्टँडर्ड बनवताना हे लोक कसं तपासतात की दोन वेगळ्या टीमचा कोड एकमेकांशी बोलतो?

पॅकेटवाला_ठाणे
रिपोर्ट अजिबात घाईत लिहू नको, तुझी शंका बरोबर आहे. आत्ता तुमचं असं झालंय की पेपर आपणच काढला, आपणच सोडवला आणि तपासला पण आपणच. स्पेकमधलं (प्रोटोकॉलच्या लेखी नियमांमधलं) एखादं वाक्य चुकीचं वाचलं असेल तर ती चूक क्लायंटमध्येही गेली आणि सर्व्हरमध्येही, दोन्हीकडे सारखीच, म्हणून दिसतच नाही.

काहीच उत्तर येत नाही म्हटल्यावर दोन गोष्टी आधी बघ. पहिली, क्लायंटचं पहिलं पॅकेट, म्हणजे इनिशियल, ज्या यूडीपी डेटाग्रॅममधून जातं तो १२०० बाइटपेक्षा लहान असेल तर सर्व्हरने ते फेकूनच द्यायचं असं आरएफसी ९००० (क्विकचं अधिकृत स्टँडर्ड) सांगतं. तुमचा सर्व्हर हे तपासतो का? दुसरी, इनिशियलच्या एन्क्रिप्शनच्या चाव्या ज्या सॉल्टवरून (स्पेकने ठरवून दिलेला आकडा) निघतात तो ड्राफ्टच्या काळात, म्हणजे स्टँडर्ड पक्कं होण्याआधी, बदलत गेला. व्हर्जन १ चा ३८७६२ ने सुरू होतो, ड्राफ्ट २९ चा एएफबीएफ ने. जुन्या ब्लॉगवरून उचलला असेल तर समोरच्याला पॅकेट उघडताच येत नाही आणि तो गपचूप टाकून देतो. वायरशार्कला (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून बघ, इनिशियल तो स्वतः उघडून दाखवतो, त्याला नाही उघडलं तर सॉल्ट चुकलाय असं धर. आणि आरएफसी ९००१ च्या शेवटी नमुना पॅकेट बाइट न बाइट छापलेली आहेत, त्यांच्याशी ताडून बघ.

जुना_नेटवर्कवाला
तुझ्या मूळ प्रश्नाबद्दल. हे फार जुनं आहे. १९८७ मध्ये जॉन पोस्टेलने आरएफसी १०२५ मध्ये टीसीपीच्या (इंटरनेटवर डेटा पोचवणारा जुना प्रोटोकॉल) बेक-ऑफची गुणपद्धत लिहून ठेवली, बेक-ऑफ म्हणजे सगळ्यांनी आपापला कोड घेऊन यायचं आणि एकमेकांशी जोडून बघायचं. त्यात स्वतःशी कनेक्शन उघडलं तर १ गुण, दुसऱ्याशी उघडलं तर २. आणि सगळे फ्लॅग एकदम लावलेलं विचित्र पॅकेट नीट हाताळलं तर १० गुण! तुमची टीम अजून त्या १ गुणावर आहे असं समज.

पुढे आयईटीएफच्या (इंटरनेटची स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था) १९९६ च्या नियमात (आरएफसी २०२६) ड्राफ्ट स्टँडर्ड या पायरीसाठी दोन स्वतंत्र, वेगवेगळ्या कोडमधून आलेली इम्प्लिमेंटेशन्स एकमेकांशी चालली पाहिजेत अशी अट होती, आणि जे फीचर असं चालून दाखवता आलं नाही ते स्पेकमधून काढायचं. मला हा भाग फार आवडतो, कारण यात कोडबरोबर स्पेकचीही परीक्षा होते. दोन शहाण्या टीमनी एकच परिच्छेद वाचून दोन वेगळे अर्थ काढले तर दोष परिच्छेदाचा, तो बदलायचा. २०११ मध्ये ती पायरी गेली पण इंटरनेट स्टँडर्ड व्हायला दोन स्वतंत्र इम्प्लिमेंटेशन्स अजूनही लागतात.

क्विकचा वर्किंग ग्रुप २०१६ ला सुरू झाला, आरएफसी आली मे २०२१ मध्ये, आणि मधली सगळी वर्षं प्रत्येक टीमचा क्लायंट प्रत्येक टीमच्या सर्व्हरला लावून एका मोठ्या तक्त्यात अक्षरं भरत होते, हँडशेक झाला की एच, डेटा गेला की डी, रिट्राय (सर्व्हर टोकन देऊन परत यायला सांगतो ते) जमलं की एस.

मेघना_के
त्या तक्त्याचं काम आता क्विक इंटरॉप रनर (या जोड्या आपोआप तपासणारं टूल) करतो, तो पण लाव. क्लायंट आणि सर्व्हर डॉकरमध्ये (वेगळ्या बंद कंटेनरमध्ये) टाकायचे, मध्ये एनएस-३ या सिम्युलेटरचं खोटं नेटवर्क असतं, ते पॅकेट हरवतं, बिघडवतं, उशीर करतं. जी टेस्ट तुमच्याकडे नाही तिथे १२७ एक्झिट कोड द्यायचा, म्हणजे नापास न धरता सपोर्ट नाही असं धरतात.

आणि दोन्ही टोकं बरोबर असूनही गाडी अडू शकते बरं का. टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) १.३ च्या वेळी मधले फायरवॉल वगैरे नवीन हँडशेक बघून कनेक्शन तोडायचे, शेवटी हेडरमध्ये १.२ चाच व्हर्जन नंबर ठेवून तो जुन्यासारखा दिसेल असा करावा लागला. हे ऑफिसच्या टेबलावर दोन लॅपटॉप जोडून कधीच कळलं नसतं.

फायनल_इयर_पुणे
सॉल्टच होता!! २०२० च्या एका ट्युटोरियलमधून घेतलेला, ड्राफ्ट २९ चा. बदलला आणि वायरशार्कमध्ये क्लायंट हॅलो (हँडशेकचा पहिला संदेश) दिसला, आम्ही चौघं अक्षरशः ओरडलो. आता दोन सर्व्हरशी हँडशेक होतोय. तिसरा सर्व्हर रिट्राय पाठवतो, आम्ही टोकन परत देतो, आणि पुन्हा शांतता.

पॅकेटवाला_ठाणे
मस्त! रिट्रायमध्ये सर्व्हर नवीन कनेक्शन आयडी देतो, इनिशियलच्या चाव्या त्यावरून परत काढतोय का?

फायनल_इयर_पुणे
नाही हो दादा, जुन्याच वापरतोय. आमचा सर्व्हर रिट्राय पाठवतच नाही ना, त्यामुळे हा कोड आजपर्यंत कधी चाललाच नव्हता. रात्री बदलून सांगतो.