पत्र्याचं पाणी ड्रममध्ये साठवलं पण वास आणि अळ्या झाल्या, परसबागेसाठी नीट कसं करायचं?

सासवडची_परसबाग
नमस्कार मंडळी, आम्ही सासवडजवळ राहतो, घरामागे छोटी परसबाग आहे, चाळीसेक कुंड्या, कढीपत्ता, दोन जास्वंदी, एक अंजीर, एक सीताफळ आणि भाजीचे चार वाफे. बोअरला पाणी आहे पण इतकं क्षाराचं की कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर बसतो आणि कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पावसाळ्यात तेच झाड असं फुटतं की बघत राहावं, म्हणून ठरवलं की पत्र्याचं पाणी धरायचंच.

मागच्या वर्षी मागच्या बाजूला पन्हळ लावून घेतली आणि खाली 200 लिटरचे दोन निळे ड्रम ठेवले. मृगाचा पहिला पाऊस आला आणि बघता बघता दोन्ही भरले, मला तर इतका आनंद झाला होता. पाच-सहा दिवसांनी झाकण काढलं तर नाक धरायची वेळ, वर तपकिरी साय, आत वळवळणाऱ्या अळ्या. आणि भरून वाहिलेलं पाणी जोत्यापाशीच मुरत राहिलं त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पापुद्रे निघाले. सासूबाई म्हणतात काढून टाक ते ड्रम. मला नाही काढायचे.

पत्रा 20 बाय 30 फुटांचा आहे, उतार एकाच बाजूला. वास का येतो? ड्रम पुरतील की मोठी टाकी घ्यावी? आणि उन्हाळ्यापर्यंत पुरेल असं काही करता येईल का? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, रोहिणी लागायच्या आत काम उरकायचंय.

मातीकाम_नाशिक
ताई, ड्रम काढू नका, चूक ड्रमची नाहीये. तुम्ही मृगाचं पहिलंच पाणी धरलंत आणि घाण सगळी त्याच पाण्यात असते. आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पन्हळीत कुजलेला पाला, हे धुऊन ड्रममध्ये आलं आणि झाकणाखाली सडलं, म्हणून वास. आमच्याकडे पहिले दोन मोठे पाऊस सरळ सोडून देतो आणि त्याआधी मे महिन्यात शिडी लावून पन्हळ हाताने साफ करतो.

आता हिशोब बघा, हा एकदा समजला की सगळं सोपं होतं. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमचा पत्रा 600 चौरस फूट म्हणजे साधारण 56 चौरस मीटर. म्हणजे तुमचे दोन्ही ड्रम भरायला सात-आठ मिमी पाऊस बास, आणि 20 मिमीची एक चांगली सर आली की हजार लिटरच्या वर पाणी येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या जोत्यात जातंय.

पण उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा विचार सोडा, मी मनापासून सांगतोय. चाळीस कुंड्यांना रोज एकेक लिटर धरलं तरी 40 लिटर झाले, हजार लिटरची टाकी पंचवीस दिवसांत संपते, हस्ताचा पाऊस गेल्यावर मे पर्यंत पुरवायचं तर घराएवढं टाकं बांधावं लागेल. टाकी कशासाठी, तर जुलै-ऑगस्टमध्ये दहा-पंधरा दिवस उघडीप पडते ना, वाफ्यातली रोपं माना टाकतात आणि आपण परत बोअर चालू करतो, त्या दिवसांसाठी. एक हजार लिटरची काळी टाकी घ्या, काळी म्हणजे आत उजेड जात नाही, शेवाळ धरत नाही. भरल्यावर एक टन वजन होतं, त्यामुळे नुसत्या विटांवर ठेवू नका, खाली मुरूम ठोकून त्यावर चार इंच काँक्रीट करा.

पहिलं पाणी बाजूला काढायला लोक चार इंची पाइपाचा उभा तुकडा लावतात, खाली टोपण आणि बारीक भोक. चांगलं आहे पण त्या पाइपात मीटरला आठ-साडेआठ लिटरच मावतात, आणि 56 चौरस मीटरच्या पत्र्यावरचा पहिला एक मिमी म्हणजेच 56 लिटर झाले. तेव्हा दोन मीटरचा तुकडा लावून काम झालं असं समजू नका. तुमच्याकडे ड्रम आहेतच, त्यातला एक पहिल्या पाण्यासाठी ठेवा, तो भरला की पाणी वरच्या टी मधून (तीन तोंडांचा पाइपचा जोड) टाकीत जाईल. ड्रमचं ते पाणी दर पावसानंतर अंजिराच्या आळ्यात सोडून द्यायचं, झाडाला ते चालतं.

आगरातला_दापोली
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त वाहून जाणाऱ्या पाण्याबद्दल लिहितो कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे कोकणात तीन हजार मिमीच्या वर पाऊस आणि तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, जांभ्यातून पाणी झिरपतं आणि उतारावरून निघून जातं. टाकी जूनमध्ये भरते ती सप्टेंबरपर्यंत भरलेलीच, तेव्हा पाणी कोणाला हवंय. आजी वळचणीला घागरी लावायची, पागोळ्यांचं पाणी धुण्याभांड्याला घ्यायची, तेवढाच त्याचा उपयोग. म्हणून आम्ही आता पागोळ्यांचं पाणी धरण्यापेक्षा मुरवतो.

तुम्ही ओव्हरफ्लोला पाइप जोडून पाणी जोत्यापासून निदान दहा फूट लांब न्या आणि तिथे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल शोषखड्डा घ्या, खाली मोठे दगड, वर खडी, सर्वात वर वाळू. वाळूचा वरचा थर दरवर्षी खरवडून बदलायचा, नाहीतर गाळाने तोंड बंद होतं, आमचा दुसऱ्याच वर्षी तुंबला होता. काळी चिकट जमीन असेल तर मात्र खड्ड्यात पाणी उभं राहील, आधी एक बादली ओतून बघा किती वेळात जिरतंय. आणि सीताफळ अंजिराची आळी मोठी करा, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत, खोडाला मात्र मातीची भर ठेवा म्हणजे बुंध्याशी पाणी साचणार नाही. वर पालापाचोळा चार बोटं जाड पसरा. परतीचा पाऊस अशा आळ्यात जिरला की ओल किती दिवस राहते ते बोट घालून बघा, तुम्हालाच कळेल.

ठाण्याची_गच्चीबाग
मला अळ्यांबद्दल सांगायचंय, हे कृपया हलक्यात घेऊ नका. आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरत होत्या आणि आम्ही चार रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. नंतर आरोग्य खात्याच्या ताई घरी तपासायला आल्या तेव्हा ड्रममध्ये काही नव्हतं, मी जाळी बांधली होती. अळ्या सापडल्या त्या ड्रमच्या झाकणावर, त्या झाकणाला वरून जो गोल खोलगट भाग असतो ना, त्यात जेमतेम पेलाभर पाणी साठलं होतं त्यात. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याला पेलाभर पाणी पुरतं.

तेव्हापासून झाकण तिरकं ठेवते, पन्हळीचं तोंड आणि ओव्हरफ्लो दोन्हीला बारीक जाळी. आठवड्यातून एक दिवस ड्रम पूर्ण रिकामा, आणि नुसता रिकामा करून भागत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासायचा, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी होणार नाही, त्यात गप्पी मासे सोडा, बऱ्याच ठिकाणी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पण टाकी आटली तर मासे मरतील, वीतभर पाणी कायम ठेवा.

सासवडची_परसबाग
सगळ्यांचे खूप आभार. ठाण्याच्या ताई, वाचून अंगावर काटा आला, मुलगा आता बरा आहे ना? मी लगेच जाऊन झाकणं पाहिली, दोन्हीला तसाच खोलगट भाग आहे.

बादलीचा प्रयोगही केला, मागच्या कोपऱ्यात मुरूम आहे तिथे वीस मिनिटांत पाणी जिरलं, स्वयंपाकघराजवळ मात्र दीड तास उभं होतं. म्हणजे खड्डा मागेच घ्यायचा. टाकीला ठिबक जोडता येईल का तेवढं सांगा, आमच्याकडे शेतातली जुनी इनलाइन नळी, म्हणजे ठिबकची भोकं आतच बसवलेली, पडून आहे.

मातीकाम_नाशिक
ती नळी चालणार नाही ताई, तिला साधारण एक किलो प्रेशर लागतं आणि तेवढं मिळवायला टाकी दहा मीटर उंच हवी, तीन फुटांच्या कट्ट्यावरून पहिल्या दोन-चार भोकांतून टपकेल आणि पुढे कोरडं. टाकीच्या प्रेशरवर चालणारं ग्रॅव्हिटीचं किट वेगळं मिळतं ते घ्या, नाहीतर साधी पाऊण इंची नळी आणि हाताने. पावसाचं पाणी आधी कढीपत्ता, जास्वंद आणि कुंड्यांना द्या, सीताफळ बोअरचं पाणी बऱ्यापैकी सोसतं. आणि टाकीचा नळ तळापासून चार-सहा इंच वर बसवून घ्या, खाली गाळ बसतो, प्लंबर नेहमी अगदी तळाला भोक पाडतो, त्या वेळी स्वतः समोर उभ्या राहा.

सासवडची_परसबाग
प्लंबर रविवारी येतोय. मुलगा बरा आहे का तेवढं ताईंनी नक्की कळवा.

ठाण्याची_गच्चीबाग
हो हो, अगदी ठणठणीत आहे, आता झाकण तपासायचं काम त्याचंच.