सहलीचे फोटो: घरटी एकच फोन बाहेर काढावा का?

पर्वतीपायथा
परवा सहकुटुंब सिंहगड झाला. अकरा माणसं, तीन पिढ्या. पहाटे साडेपाचला निघालो, मे महिन्यात नऊनंतर गडावर नुसतं भाजून निघतं. घरी पोचेपर्यंत ग्रुपवर २१४ फोटो पडले होते. मोजले मी. कल्याण दरवाजाचे ४०, दह्याच्या मडक्याबरोबर २६, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचा एकही नाही. १६७० साली मावळे कुठला कडा चढून आले ते पुतण्याला दाखवत होतो, तर म्हणे, "काका, जरा सरका, फ्रेममध्ये येताय." पिठलं-भाकरी पुढ्यात आली तर आधी तिचे फोटो. तोवर पिठल्यावर साय धरली. माझं मत: पुढच्या सहलीला घरटी एकच फोन, बाकीचे पिशवीत. बोला.

सहकारनगरची सून
पिठल्याबद्दल सहानुभूती. बाकी अजिबात पटलं नाही.
माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे गच्चीचा जिनासुद्धा बंद झालाय. मागच्या महिन्यात आम्ही गडावरून पाठवलेला देवटाक्याचा फोटो त्या दोन बोटांनी मोठा करकरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ही कडेची पायरी. इथे बसून ह्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं होतं." लग्नाला १४ वर्षं झाली माझ्या, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. लेकीने उगाच काढलेला फोटो होता तो, माणूस नाही की काही नाही. घरटी एक फोन असता तर रांगेत उभं राहून दात काढलेला तेवढा आला असता.

खवचट नारायणपेठी
म्हणजे एक फोटो कामाला आला. बाकीचे २१३ कोणाच्या सासूबाईंसाठी?

सहकारनगरची सून
२१४ त्यांचे, आमचे नव्हेत. आधी नीट वाचा.

रात्रकिडा
सिंहगडाचं काय, दगड आहे, हजार फोटो सोसेल. काजव्यांचं बोला. गेल्या वर्षी मेअखेरीला संगमनेर-अकोले-राजूर करत भंडारदऱ्याला गेलो होतो. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण करायला, आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगतो. तेवढ्यात त्याला सगळं उरकायचं असतं. तिथे माणसं फ्लॅश मारत होती, गाड्यांचे दिवे झाडावर सोडत होती. आमच्या शेजारच्या गृहस्थांचा फोटो पाहिला: पांढरीफटक पानं, काजवा एकही नाही!
आणि आपण मोबाईलवर बघतो ते झगमगते फोटो? कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बराच वेळ एकामागून एक काढलेले, मग एकावर एक चढवलेले. ते दृश्य तिथे कोणीच पाहिलेलं नसतं. आमच्या मेहुणीबाई तसलाच फोटो बघून आलेल्या. समोर सादड्याचं अख्खं झाड एका तालात पेटत-विझत होतं आणि त्या म्हणतात, "एवढंच?"
तेव्हापासून मी पर्वतीपायथा यांच्या पक्षात. अंधारात तर घरटी शून्य फोन.

सहकारनगरची सून
फ्लॅश बंद करायला बटण असतं हो. दोष फोटोचा नाही, न दाबलेल्या बटणाचा.

रात्रकिडा
ते बटण रात्री दोनशे माणसांपैकी किती जणांना सापडतं ते बघायला याच एकदा.

अल्बमवाली
घरटी एक कॅमेरा आम्ही जगलोय. ३६ फोटोंचा रोल, महाबळेश्वरला चार दिवस पुरवायचा. आर्थर सीटला आई म्हणायची, "आता नको, उद्या वेण्णा लेकवर घोड्यावर बसाल तेव्हा." रोल धुऊन येईपर्यंत आठ दिवस जीव टांगणीला. फार गोड वाटतं ना आता? पण त्या अख्ख्या अल्बममध्ये बाबा नाहीत. कॅमेरा त्यांच्याकडे असायचा. एका फोटोत त्यांची सावली आहे, आमच्या पायाशी. तेव्हा काका, तुमच्या घरचा तो एक फोन कोणाच्या हातात राहणार, ते आधी ठरवा.

पर्वतीपायथा
हा मुद्दा डोक्यात नव्हता आला. बरं, घरटी दोन. पिठलं आल्यावर मात्र शून्य, त्यात तडजोड नाही.
पुतण्याला धागा दाखवला. त्याने लगेच एक फोटो पाठवला: मी, तोंड उघडं, हात कड्याकडे. चांगला आलाय, खोटं कशाला बोलू. विचारलं, "मी तेव्हा काय सांगत होतो?" म्हणे, "काका, फोटोत आवाज कुठे असतो?"

खवचट नारायणपेठी
पुढच्या वेळी व्हिडिओ काढायला सांगा.