माहिती अधिकार: पहिल्या अपिलासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परळला आमच्या गल्लीतला फुटपाथ पुन्हा पुन्हा उखडतात. पेव्हर ब्लॉक निघालेले, आजी-आजोबा रस्त्याच्या कडेने गाड्यांना चुकवत चालतात. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागितलं काय, तर कामाचे आदेश आणि कंत्राटदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती.

उत्तर आलं ते एका ओळीचं: ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कलम ७(९) नुसार देता येत नाही.’

माझ्या वाचनाप्रमाणे ७(९) फक्त माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे. नाकारण्याची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. हे बरोबर आहे ना? पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, हिशेब मागणं हा हक्कच आहे.

उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचंय. त्यात हा मुद्दा कसा मांडावा? सोबत कागदपत्रं प्रत्यक्ष पाहण्याची मागणी अपिलातच करता येते, की त्यासाठी नवा अर्ज लागतो? मुंबईत कुणी असं अपील लढवलं असेल तर कृपया मसुद्याचा नमुना द्या.