हुआंगशान, चीन : टूर कंपनीशिवाय, कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन

कातळवाट

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शांघायमधलं काम संपलं की तीन दिवस मोकळे आहेत. आन्ह्वे प्रांतातल्या हुआंगशानला स्वतःचं स्वतः जायचं आहे. मुख्य हेतू फोटो, त्यातही ढगांचा समुद्र. सोबत फुल फ्रेम कॅमेरा, १६–३५ आणि ७०–२०० एमएमच्या लेन्स, ट्रायपॉड आणि एक चाकांची मोठी बॅग. सह्याद्रीत चालण्याची सवय आहे. व्हिसा हातात आहे, त्यामुळे तो विषय नको.

प्रश्न असे:
१. एका दिवसात होतं असं बरेच जण लिहितात. मग वरच्या महागड्या हॉटेलात पैसे का घालायचे?
२. कुठून चढावं, कुठून उतरावं?
३. पहिल्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तर बेत पुढे ढकलावा का?
४. ट्रायपॉड न्यावा की उगाच ओझं?

घाटमाथा

एका दिवसात होतं ते दर्शन, फोटो नाही. केबल कारच्या वेळाच आडव्या येतात. सकाळी पहिली गाडी वर पोचते तेव्हा सूर्य कासराभर वर आलेला असतो आणि थंडीच्या दिवसांत शेवटची गाडी चार-साडेचारच्या सुमारास सुटते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सूर्यास्त पाच वाजून गेल्यावर. म्हणजे सकाळ-संध्याकाळचा चांगला उजेड दोन्हीकडून हुकतो आणि हातात उरते भर दुपार, तीही गर्दीतली. शिवाय वर्षातले दोनशेहून जास्त दिवस हा डोंगर ढगात किंवा धुक्यात असतो. एकच सकाळ हातात असली तर तो जुगार आहे. तीन दिवस आहेत ना? मग दोन रात्री वरच काढा, आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

आधी एक घोळ टाळा. हुआंगशान नावाचं शहरही आहे, आणि ते डोंगराच्या पायथ्याशी नाही. शहराचा जुना भाग तुनशी. तिथून डोंगराखालचं गाव तांगकोउ ५०–६० किलोमीटरवर. बुकिंग साइटवर नुसतं 'हुआंगशान' टाकून स्वस्त खोली घेतली की पहिली सकाळ बसमध्ये जाते. शांघायच्या होंगछ्याओ स्टेशनवरून हाय-स्पीड ट्रेननं हुआंगशान बेइ म्हणजे उत्तर स्टेशनला उतरा; गाडीनुसार अडीच ते चार तास. तिथून तांगकोउला बसनं तासभर. बस संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून दुपारची ट्रेन धरा. आदल्या रात्री तांगकोउला राहता आलं तर उत्तम.

मोठी बॅग तांगकोउच्या हॉटेलातच ठेवून द्या, बहुतेक जण ठेवून घेतात. वर फक्त पाठीवरची सॅक, कॅमेऱ्यासकट आठ किलोच्या आत. चाकांची बॅग वर निरुपयोगी आहे, सगळा डोंगर दगडी पायऱ्यांचा आहे.

आता वाट. पूर्वेकडून चढा, दक्षिणेकडून उतरा. तांगकोउच्या बस केंद्रावरून युंगू या पूर्वेच्या केबल कार स्थानकाची बस (१९ युआन), तिथून केबल कारनं वरचं स्थानक बाय-ए लिंग. युंगूच्या पायऱ्या चढूनही जाता येतं, अडीच-तीन तास लागतात. पण ती वाट बहुतेक झाडीतून जाते, दृश्य फारसं उघडत नाही. गुडघे पुढच्या दोन दिवसांसाठी राखा.

पहिला दिवस : बाय-ए लिंगवरून शिशिन शिखर, मग बेइहाय भागात हॉटेल, संध्याकाळी पाययुनतिंग हा दरीकाठचा मंडप किंवा दानशिया शिखर. दुसरा दिवस : सूर्योदय छिंगलियांग ताय या कठड्यावरून किंवा त्याच्या वरच्या शिझ शिखरावरून. नाश्ता करून पाययुनतिंगवरून शीहाय दरीत उतरा. आधी वरचं वळसा-कडं (गोल फिरून येणारी वाट), मग खालचं, मग दरीचा तळ. फोटो काढत तीन तास सहज. तळाशी रुळांवरची केबल गाडी आहे, ती जवळपास ५०० मीटरची चढण वाचवून तियानहायला सोडते. दुसरी रात्र तिथल्याच बाययुन हॉटेलात. तिसरा दिवस : सूर्योदय ग्वांगमिंगदिंग (१८६० मी.), मग आओयू शिखर, 'एक रेघ आकाश' ही अरुंद घळ, शंभर पायऱ्यांची शिडी, आणि युपिंग. तिथे ते प्रसिद्ध 'पाहुण्यांचं स्वागत करणारं' पाइन आहे. युपिंग केबल कारनं खाली त्स्गुआंग गे, तिथून परत तांगकोउ. बॅग तिथेच आहे.

उलट्या दिशेनं गेलात तर दरी चढून बाहेर पडावं लागतं. आणि उत्तरेची तायपिंग केबल कार पकडून उतरलात तर डोंगराच्या पलीकडे पोचाल, बॅग राहील दक्षिणेला.

लियानहुआ (१८६४ मी., सगळ्यांत उंच) आणि तियानदू ही दोन शिखरं झाडा-मातीला विश्रांती म्हणून काही काही वर्षं आळीपाळीनं बंद ठेवतात. कोणतं उघडं आहे ते निघण्याआधी पाहा. तियानदू थंडीत तसंही बंद असतं. शीहाय दरीदेखील हिवाळ्यात बर्फामुळे बंद करतात, साधारण डिसेंबरपासून. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे काठावर आहात, पण चालेल.

खर्च : प्रवेश मार्च ते नोव्हेंबर १९० युआन, पुढे तीन महिने १५०. केबल कार युंगू ८०, युपिंग ९०, दरीतली १००, सगळे एका बाजूचे. दर बदलू शकतात, दहा-वीस टक्के वर धरून चला. मूळ पासपोर्ट खिशात हवा, फोटोकॉपी चालत नाही.

तिसरा_स्टॉप

प्रश्न ३ चं उत्तर घाटमाथ्यांनी सोडून दिलं, आणि फोटोच्या दृष्टीनं तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी पाऊस आणि दुसऱ्या दिवशी उघाड असा अंदाज असेल तर बेत अजिबात ढकलू नका. तुम्हाला हवं ते हेच.

थंड हवेची लाट पुढे सरकली की पाऊस थांबतो. वरची हवा कोरडी आणि स्थिर होते, दमट हवा खालच्या दऱ्यांत अडकते. ढगाचा माथा शिखरांच्या खाली राहिला की झाला समुद्र. सलग चार दिवस निरभ्र ऊन असेल तर मात्र दरीत नुसता फिकट धूर दिसतो. तो फोटोत निळसर घाण होऊन येतो, बाकी काही नाही. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. उन्हाळ्यात ढग उंच जातात आणि तुम्ही ढगाच्या पोटात उभे राहता.

नोव्हेंबरच्या २० तारखेच्या आसपास सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, पण दिशा नीट लक्षात घ्या. सूर्य नेमका पूर्वेला नाही, जवळपास ११३ अंशांवर म्हणजे बराच दक्षिणेला सरकून उगवतो. छिंगलियांग तायचे इंटरनेटवरचे फोटो जूनमधले असतील तर तेव्हा सूर्य ६२–६३ अंशांवर असतो, म्हणजे तब्बल ५० अंशांचा फरक. आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन फोनच्या होकायंत्रानं ११३ अंश बघा आणि आड कोणतं शिखर येतं ते ठरवा. ग्वांगमिंगदिंगला ही अडचण नाही, चारी बाजू मोकळ्या. पण तिथे पुढ्यात पाइन किंवा सुळका मिळत नाही, फोटो सपाट होतो. म्हणून तिथे ७०–२०० लावा आणि डोंगररांगांचे थर पकडा. खरं सांगायचं तर हुआंगशानवर १६ एमएमचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. दृश्य दूर असतं, रुंद लेन्समध्ये सुळके काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसतात.

एक्स्पोजर : फ्रेम पांढऱ्या ढगानं भरली की कॅमेरा ढग करडा करून ठेवतो. सूर्य चौकटीत नसेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक पाहा. सूर्य आत आला की ±२ स्टॉपचं तीन फ्रेमचं ब्रॅकेट, म्हणजे तेच दृश्य कमी, मध्यम आणि जास्त उजेडात. वाहता ढग दाखवायला १० स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी लेन्सवरची काळी काच) : मूळ वेळ १/३० सेकंद असेल तर साधारण ३४ सेकंद होतात. पण जोरात सरकणाऱ्या ढगाला २ ते ८ सेकंद पुरे, म्हणजे ६ स्टॉपचा एनडी बरा. अर्ध्या-एक मिनिटात ढगाचा पोत जातो, नुसता कापूस उरतो. आणि तेवढ्या वेळात वाऱ्यानं पाइनच्या सुया हलतात, शेंडे धूसर होतात. त्यासाठी त्याच चौकटीत १/१२५ चा एक फ्रेम जास्तीचा घ्या आणि नंतर संगणकावर झाड त्यातून लावा.

दाट धुकं आलं तर खोलीत जाऊ नका. एकटं पाइन, मागे कोरा पांढरा. इथली जुनी शाईची चित्रं अशीच आहेत. +१ ते +१.३ एक्स्पोजर, ऑटोफोकस भिरभिरतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू मोठा करून खोडाच्या कडेवर हातानं फोकस.

दगडफूल

ट्रायपॉडबद्दल. दीड किलोच्या आतला असेल तर न्या, नाहीतर खरंच ओझं. छिंगलियांग तायचा कठडा एवढासा आहे. शनिवारी पहाटे तिथे पाय फाकवून ट्रायपॉड लावायला जागाच नसते. लावलात तरी मागच्यांचे धक्के बसतात. सूर्योदयाच्या तासभर आधी पोचलं तरच उपयोग. थोडं वर शिझ शिखराकडे चढलं की गर्दी पातळ होते.

दोन गोष्टी बिघडतात. दरीच्या कड्याला लागून असलेल्या पायवाटांवर माणूस चालला की हादरा लागतो, म्हणून लांब एक्स्पोजर माणसं थांबल्यावरच. आणि कॅमेरा लोखंडी साखळीच्या कठड्यावर टेकवू नका, साखळी सतत थरथरते. ट्रायपॉडला टोकदार खिळे असतील तर काढून रबरी पाय लावा, ओल्या ग्रॅनाइटवर खिळा घसरतो.

पाणी आणि वाफ : पहाटेच्या थंडीतून गरम खोलीत आलं की लेन्सवर दव बसतं. बाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा सॅकमध्ये चेन लावून बंद करा आणि तासभर तसाच ठेवा. कार्ड काढायला म्हणून लगेच सॅक उघडली की आतपर्यंत वाफ. जास्तीच्या दोन बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात; रात्री पारा शून्याच्या आसपास जातो.

@तिसरा_स्टॉप, रुंद लेन्सबद्दल मात्र असहमत. दरीच्या खालच्या वळसा-कड्यात भिंती अंगावर येतात, तिथे ७० एमएमला काही मावत नाही. १६–३५ तेवढ्यासाठी लागेलच.

कातळवाट

खूप आभार, दोन रात्री नक्की करतो. आणखी थोडं : पैसे, नकाशा, आणि शाकाहारी जेवण? गुडघ्यांचं विचारत नाही, हरिहरच्या पायऱ्या झाल्यात.

घाटमाथा

हरिहरच्या पायऱ्या अर्ध्या तासात संपतात, इथे तीन दिवस संपत नाहीत. मातीची वाट नाही, प्रत्येक पाऊल कठीण दगडावर, आणि पायरीची उंची ठरलेली असल्यामुळे दर वेळी ताण त्याच जागी. त्रास उतरताना होतो. गुडघ्याचा पट्टा आणि एक काठी घ्या. तांगकोउत साध्या काठ्या स्वस्तात मिळतात. अरुंद पायऱ्यांवर कावड घेऊन येणारे हमाल दिसले की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही. वरच्या हॉटेलांचं बरंचसं सामान त्यांच्या खांद्यावरूनच येतं. पाण्याची बाटली वर महाग का, याचं उत्तर तिथेच दिसतं.

पासपोर्टवाला

पैसे : अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप भारतातच उतरवून घ्या. पासपोर्टनं ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. रुपे चालत नाही. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा रोमिंगमध्ये एसएमएस चालू ठेवा. एका वेळी २०० युआनच्या वर पैसे दिले की ३ टक्के शुल्क लागतं, म्हणून जमेल तिथे बिल फोडा. दोन-तीनशे युआन रोख सुट्ट्या नोटांत असू द्या.

नकाशा : गूगल मॅप्सवर चीनमधले रस्ते आणि उपग्रह चित्र एकमेकांवर बसत नाहीत, कित्येक ठिकाणी काहीशे मीटरचा फरक. अ‍ॅमॅप हे चिनी नकाशा अ‍ॅप वापरा, किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन अ‍ॅप. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडणार नाही. भारतीय रोमिंग किंवा परदेशी ई-सिमवर उघडतं. हॉटेल आणि केबल कारची नावं चिनी लिपीत स्क्रीनशॉट करून ठेवा. ट्रेनचं तिकीट १५ दिवस आधी खुलं होतं. तिकीट पासपोर्टवरच असतं, आणि आपोआप उघडणारं गेट पासपोर्ट वाचत नसेल तर बाजूला कर्मचारी असलेल्या गेटनं जा. तिथे रांग असते, स्टेशनवर पाऊण तास आधी पोचा.

जेवण : अंडी, टोफू, भात, पालेभाजी मिळते. पण इथल्या स्वयंपाकात बांबूच्या कोंबांत आणि भाजीत सुकवलेल्या मांसाचे तुकडे चवीला घालतात, आणि ते 'मांस' समजलं जात नाही. 'मांस, हॅम, चरबी काहीच नको' असं चिनीत लिहून दाखवा. खोलीत बहुधा किटली असते आणि गरम पाणी फुकट मिळतं, तेव्हा उकळत्या पाण्यात होणारे पोहे-उपम्याची पाकिटं आणि कोरडी चटणी न्या. स्टोव्ह नको, डोंगरावर आग पेटवायला सक्त मनाई आहे आणि गॅसचा डबा ट्रेनमध्येही सोडत नाहीत.

पॉवर बँक : देशांतर्गत विमान असेल तर तिच्यावर चीनचं ३सी हे सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह हवं. २८ जून २०२५ पासून त्याशिवायच्या विमानतळावरच अडवतात. भारतात घेतलेल्या बऱ्याच बँकांवर ते नसतं. ट्रेननं गेलात तर ही अडचण नाही. ड्रोन घरीच ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीशिवाय कोणतंही ड्रोन उडवता येत नाही.

दगडफूल

एक राहिलं. सूर्योदयाला घालायला वरच्या हॉटेलांत जाडजूड कोट मिळतात, बऱ्याचदा खोलीतच टांगलेले. जड जॅकेट भारतातून नेण्याआधी हॉटेलला विचारा. त्या वजनात ट्रायपॉड बसेल. पहाटे पायऱ्या गोठलेल्या असू शकतात, त्यासाठी बुटाला बांधायचे दाते तांगकोउतच घ्या. आणि शुक्रवार-शनिवारची रात्र टाळा; डॉर्मची खाटसुद्धा दामदुप्पट होते.