मदत हवी आहे: मायाळूची शेंड्याची पानं पिवळी, वेल चढेना (लातूर, गच्ची)

माळवं
नमस्कार. गच्चीच्या पश्चिम कठड्याला लाल देठाच्या मायाळूचे तीन वेल आहेत. कुंड्या १२ इंची, काळ्या प्लास्टिकच्या, थेट स्लॅबवर. शेतातली काळी माती, तिसरा हिस्सा शेणखत. बी फेब्रुवारीअखेर टोचलं. पाणी बोअरचं, रोज सकाळी. एप्रिलपर्यंत छान होतं. आता नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, जुन्या पानांच्या कडा करपल्यात आणि वेल दोन-अडीच फुटांवर थांबलाय. नत्र कमी असेल म्हणून चमचाभर युरिया दिला, काही फरक नाही. मायाळू तर उन्हाळ्यातली भाजी ना?

खुरपं
ताई, युरिया आधी थांबवा. नत्र कमी असतं तेव्हा खालची जुनी पानं पिवळी पडतात, अख्खी, शिरांसकट. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतंच, पण काळी माती चुनखडीची आणि वर बोअरचं जड पाणी, त्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. करपलेल्या कडा म्हणजे साठलेले क्षार. कुंडीच्या काठाला, मातीवर पांढरी पापडी दिसते का बघा.

मायाळूला ऊन आवडतं हे खरं, पण ते पानांना. मुळं गार आणि ओली लागतात. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवरची काळी कुंडी दुपारी हाताला चटका देते. त्यात मुळं काम करतच नाहीत.

आज करायचं ते हे: प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवा, बाहेरून ओलं बारदान गुंडाळा किंवा चुन्याचा हात द्या. मातीवर दोन इंच सोयाबीनचं भुसकट पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. पाणी सकाळी आणि सूर्य कलल्यावर असं दोनदा. दुपारी १२ ते ४ पश्चिमेकडून ५० टक्क्यांची शेडनेट.

नळाला पाणी येईल त्या दिवशी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू सोडा, खालून वाहून जाऊ द्या. क्षार धुऊन निघायला दुसरा उपाय नाही. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र चुकूनही घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून ते बोअरपेक्षाही खारट असतं. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं.

नंतर फवारा: १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी, पानं ओली होतील इतकंच. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. तेवढे दिवस ती पानं खुडू नका. मातीत चिलेटेड लोह (मुळांना उचलता यावं म्हणून दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं लोह) द्यायचं असेल तर त्या द्रव्याचं नाव, पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघून घ्या. ‘ईडीटीए’चं लोह आपल्या मातीत टिकत नाही.

मांडववाला
वरच्याशी सहमत. एक भर: नुसती काळी माती कुंडीत घालूच नये. वाळली की आक्रसते, कडेने भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. वरून वाटतं पाणी भरपूर दिलं, आतला गोळा कोरडाच. पुढच्या वेळी एक घमेलं काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं घमेलं भरड वाळू, दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडी निदान १५ इंच खोल.

वेल पीळ घालत चढतो, जाड गुळगुळीत पाइपवरून घसरतो. सुतळी ताणून द्या.

माळवं
पापडी आहे, चांगली नखाने खरवडण्याइतकी! भेगाही आहेत. मग हे वेल ठेवू की उपटू? आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पानं बारीक होऊन नुसती जांभळी बोंडं धरली होती, तो रोग होता का?

खुरपं
रोग नाही. दिवस लहान होत गेले की मायाळू फुलावर येतो, मग पानं बारीक आणि चिवट. बोंडं काळी-जांभळी पिकू द्या, चोळून धुऊन बी सावलीत वाळवा. पेरताना २४ तास भिजवा; कवच टणक असतं, उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात.

उपटू नका. मृग लागला की निरोगी शेंड्यांचे वीतभर तुकडे कापा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील असे नव्या मिश्रणात खोचा. साधारण पंधरा दिवसांत मुळं धरतात. जुना वेल तेव्हा काढा आणि मुळं नीट बघा. त्यांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) आहेत, ती माती पुन्हा वापरू नका. शेंड्याच्या तुकड्यांतून सूत्रकृमी येत नाहीत.

नवा वेल दीड-दोन फुटांचा झाला की शेंडा खुडा, बाजूचे फुटवे तेव्हाच जोर धरतात. पुढे वीतभर कोवळे शेंडे कापत राहा. पावसात पानांवर लाल किनारीचे गोल, मधे पांढरट ठिपके आले तर ती पानं तोडून टाका आणि पाणी बुडाशीच द्या, वरून नको.