मायलिन, हालचालींचा सराव आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

प्रश्न
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणाची हानी करणारा आजार, आहे. सकाळी ती व्यवस्थित चालते, पण दुपारी उन्हातून आली की उजवा पाय ओढू लागते आणि तासभर थंड खोलीत बसली की पुन्हा पूर्ववत होते. मायलिन एकदा नष्ट झाले की कायमचे गेले, अशी आमची समजूत होती. मग हा चढउतार कशामुळे होतो? आणि फिजिओथेरपीच्या सरावाने मायलिन पुन्हा तयार होते का?

प्रतिसाद १
मायलिनचे आवरण मज्जातंतूवर सलग नसते. त्याच्या तुकड्यांमध्ये बारीक उघड्या जागा असतात आणि विद्युतसंदेश त्या जागांवरून जणू उड्या मारत जातो. त्यामुळे जाड तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचतो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो एक-दोन मीटरच असतो. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पार होतो, आणि शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी तेथील सोडियमच्या वाहिन्या (संदेश पुढे नेणारी सूक्ष्म द्वारे) लवकर मिटून तो वाटेतच थांबतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथॉफ यांनी श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावणारे असे रुग्ण १८९० मध्येच नोंदवले होते. आपल्या बहिणीचा पाय थंडाव्याने पूर्ववत होतो, याचा अर्थ उन्हामुळे नवी इजा झालेली नसते.

प्रतिसाद २
सरावाबद्दलचा सर्वांत ठोस पुरावा उंदरांवरील प्रयोगातून मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विल्यम रिचर्डसन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांना असमान अंतरावर दांडे असलेल्या चाकावर धावायला शिकवले. ज्या उंदरांमध्ये मायलिन बनवणाऱ्या नव्या पेशी, म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट, तयार होणे जनुकीय बदलाने थांबवले होते, त्यांना हे कौशल्य नीट साधले नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे निरीक्षण: ज्यांनी आधीच शिकून घेतले होते, ते हा बदल केल्यानंतरही पूर्वीसारखेच धावले. म्हणजे नवे मायलिन लागते ते हालचाल शिकताना. शिकलेली हालचाल पुन्हा करण्यासाठी नव्या पेशींची गरज पडली नाही.

प्रतिसाद ३
वरील प्रयोग निरोगी उंदरांवरचा आहे, हे विसरू नये. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते. दुरुस्ती होते, पण नवे आवरण पातळ असते. अनेक जखमांमध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट बनवू शकणाऱ्या पूर्वज पेशी हजर असूनही त्या परिपक्व होत नाहीत, आणि आवरणाविना राहिलेला तंतूच मेला तर नव्या मायलिनला आधारच उरत नाही. सध्याची मान्यताप्राप्त औषधे मुख्यतः हल्ले रोखतात, म्हणून उपचार लवकर सुरू करणे आणि न चुकवणे याला मी सरावाहूनही वरचे स्थान देईन. क्लेमास्टिन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाने दृष्टितंतूंतील संदेशवहन किंचित सुधारल्याचे २०१७ मधील एका लहान चाचणीत दिसले; तेवढ्यावरून ते स्वतःहून घेऊ नये.

प्रश्नकर्ती
मग व्यायाम चालू ठेवावा का?

प्रतिसाद ३
अवश्य. व्यायामाने चालणे, तोल आणि थकवा यांत सुधारणा होते, मग त्यामागे मायलिन असो वा नसो. तो सकाळच्या गारव्यात, पंख्याखाली, मध्ये विश्रांती घेत करावा. मात्र ताप किंवा उष्णता हे कारण नसताना नवी कमजोरी चोवीस तासांहून अधिक टिकली, तर तो नवा हल्ला असू शकतो. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवावे.