वनस्पती-आरोग्य करारावर हातचा राखून सही करू द्यावी का?

पानगळ
पिकांची कीड एका देशातून दुसऱ्यात पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार १९५१ चा. आज लागू असलेला मसुदा १९९७ चा, अमलात आला २ ऑक्टोबर २००५ ला. त्यात २३ कलमं आहेत आणि एकातही रिझर्वेशनबद्दल अक्षर नाही. रिझर्वेशन म्हणजे करारात शिरतानाच 'अमुक कलम आम्हाला लागू नाही' असं लिहून देणं. करार गप्प असला की १९६९ च्या व्हिएन्ना कराराचा, म्हणजे देशांनी करार कसे करावेत हे ठरवणाऱ्या कराराचा, नियम येतो : मूळ हेतूला धक्का लागत नसेल तर अशी अट घालता येते.

माझ्या मते इथे ही मुभा नकोच. अन्नपिकांच्या जनुकीय संपत्तीचा २००१ चा करार पाहा. त्याचं ३० वं कलम एका वाक्याचं आहे : या कराराला रिझर्वेशन करता येणार नाही. व्यापारात अट दोन्ही बाजूंना चावते, तुम्ही सूट घेतलीत तर मीही घेतो. किडीच्या बाबतीत काय करणार? एक देश म्हणाला, 'प्रादुर्भाव कळवण्याचं कलम आम्हाला नको', तर समोरच्याने बदला म्हणून आपली कीड लपवायची? आणि भोगणार तिसराच, ज्याच्या बागेत ते रोप जाऊन पोचतं.

सहीशिक्का
पूर्ण असहमत. या कराराची ताकद आत किती देश आहेत त्यात आहे, आणि आज ते १८० हून जास्त आहेत. ज्या देशाकडे कीड ओळखणारी धड प्रयोगशाळा नाही, त्याला 'सगळं पाळा नाहीतर येऊ नका' म्हटलंत तर तो येणार नाही. एखादी अट घालून आला, तरी त्याला संपर्क-अधिकारी नेमावा लागतो, आयातीचे नियम प्रसिद्ध करावे लागतात. नरसंहारविरोधी कराराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५१ सालीच हा मार्ग दाखवला होता : हेतूशी विसंगत नसलेली अट घालणाराही सदस्य राहू शकतो. शिवाय अट कधीही मागे घेता येते. बाहेर राहिलेल्याला आत आणणं त्याहून कितीतरी कठीण.

पानगळ
पण हा करार मुळातच सैल आहे हो! ७ वं कलम आयातीवर नियम घालण्याचा सार्वभौम अधिकार मान्य करतं. १० वं म्हणतं, मानकं 'विचारात घ्यावीत'. वाद झाला तर १३ व्या कलमाखालच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. अगदीच नको असेल तर एका वर्षाच्या नोटिशीवर बाहेरही पडता येतं. इतकी दारं उघडी असताना वर भिंतीला भोक कशाला?

फायटोवाली
माझं रोजचं काम फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचं, म्हणजे निर्यातीचा माल कीडमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याचं, म्हणून लिहिते. लाकडी पॅलेट घ्या. आतली कीड मरावी म्हणून लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं, मग शिक्का : कराराचं चिन्ह, देशाची अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक, शेवटी 'एचटी', म्हणजे उष्णता दिल्याची खूण. त्या शिक्क्याचा अर्थ प्रत्येक बंदरावर एकच लागतो म्हणून माल हलतो. इथवर मी पानगळांच्या बाजूने.

मात्र रिझर्वेशन आणि डिक्लेरेशन, म्हणजे घोषणा, एका टोपलीत टाकू नका. १५ व्या कलमाखाली एखादा देश आपल्या ताब्यातल्या दूरच्या प्रदेशांना करार लागू असल्याचं जाहीर करतो. युरोपीय संघासारख्या संघटनेलाही कोणते विषय तिच्या अखत्यारीत आणि कोणते सदस्य देशांच्या, हे कळवावं लागतं. यात पळवाट कसली? कोणाशी बोलायचं ते यातूनच कळतं.

सहीशिक्का
कळतं, मान्य. पण एखादं बेट त्या घोषणेतून वगळलं तर तेही भोकच ना? व्हिएन्ना करार तर सांगतो, नाव काहीही द्या, परिणाम पाहा. बेट वगळलेलं चालतं आणि कलम वगळलेलं चालत नाही, हे कसं?

पानगळ
प्रश्न रास्त आहे. बेट वगळणंही मला आवडत नाही, आधी हे मी लिहायला हवं होतं. तरी फरक राहतोच. वगळलेला प्रदेश नकाशावर दिसतो, तिथून आलेला माल तपासणारा सावध होतो. वगळलेलं कलम दिसत नाही. सर्टिफिकेटवर छापलेलं असतं की हा माल आयातदार देशाने नमूद केलेल्या क्वारंटाइन किडींपासून मुक्त मानला जातो. मुळांची माती झटकून भिंग लावणाऱ्या निरीक्षकाच्या हातात तेवढाच कागद असतो. पाठवणाऱ्या देशाने सही करताना काय वगळलं होतं, ते त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.